यहुदी धर्मातील रोजची प्रार्थना: वेळ, दहा माणसे आणि ठरलेले शब्द

कार्मेलपायथा (प्रश्न)

नमस्कार. नोकरीनिमित्त माझे वास्तव्य सध्या हैफा येथे आहे. आमच्या कार्यालयात दुपारच्या सुट्टीत काही सहकारी जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत जमतात, दक्षिणेकडे म्हणजे जेरुसलेमच्या बाजूला तोंड करून उभे राहतात आणि साधारण पाव तासात प्रार्थना आटोपून पुन्हा कामाला लागतात. या दुपारच्या प्रार्थनेला ते मिन्हा म्हणतात. विचारले तर सर्वजण आनंदाने माहिती देतात, परंतु प्रत्येकाचे उत्तर निराळे असते आणि बहुतेक उत्तरे "आमच्या घरी असेच करतात" येथे येऊन थांबतात. म्हणून जाणकारांना येथे विचारत आहे.

पहिली शंका वेळेची. उन्हाळ्यात ही मंडळी दीडच्या सुमारास जमतात, तर हिवाळ्यात बारा वाजून गेल्यावर लगेच जमलेली दिसतात. शहरातील काही सिनेगॉगांत मात्र हीच प्रार्थना सूर्यास्ताच्या तोंडावर होते. मग तिची खरी वेळ कोणती? दुसरी शंका दहा माणसांची. नऊजण हजर असताना कोणीतरी वरच्या मजल्यावर जाऊन दहाव्याला शोधून आणतो. तो मिळाला नाही तर प्रत्येकजण आपापली प्रार्थना करतो, पण तिच्यातील काही भाग गाळला जातो. नेमके काय गळते आणि का? आमच्याच विभागातील एक सहकारी बाई नित्यनेमाने प्रार्थना करतात, तरीही त्यांना या दहांत धरले जात नाही.

तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रोज तेच शब्द, तेही बऱ्यापैकी वेगाने, आधी प्रत्येकाने मनातल्या मनात म्हणायचे आणि मग एकाने तेच सर्व मोठ्याने पुन्हा म्हणायचे, असा हा क्रम दिसतो. शब्द, वेळ आणि क्रम हे सारेच आधी ठरलेले असेल, तर माणसाला स्वतःचे म्हणून काही मागण्यासाठी जागा कोठे उरते?

पोथीवाचक

आपल्या तिन्ही शंका एकाच ठिकाणी जाऊन मिळतात, ते ठिकाण म्हणजे जेरुसलेमचे मंदिर. हे मंदिर उभे होते तोवर तेथे रोज सकाळी एक आणि दुपार कलल्यावर एक अशी दोन कोकरे अर्पण केली जात. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले आणि अर्पणविधी कायमचे थांबले. त्यानंतर याव्ने या गावी जमलेल्या धर्मगुरूंनी प्रार्थनेची जी घडी बसवली, तिच्यात सकाळची शाहरित आणि दुपारची मिन्हा या दोन प्रार्थना त्या दोन अर्पणांच्या जागी मानल्या गेल्या. तालमूद या धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात याला जोडूनच दुसरे मतही नोंदवलेले आहे: सकाळची प्रार्थना अब्राहामाने, दुपारची इसहाकाने आणि रात्रीची याकोबाने सुरू केली. दोन्ही मते शेजारीशेजारी ठेवून त्यांचा मेळ घालण्याचा जो प्रयत्न तेथे केला आहे, तो मुळातून वाचण्यासारखा आहे.

रात्रीच्या प्रार्थनेची, म्हणजे अरवितची, कथा याहून रंजक आहे. रात्री मंदिरात नवे अर्पण होत नसे. दिवसा वाहिलेल्या अर्पणांचे उरलेले भाग वेदीवर रात्रभर जळत, एवढेच. त्यामुळे रात्रीची प्रार्थना बंधनकारक की ऐच्छिक, असा वाद उभा राहिला. रब्बान गमलिएल हे त्या काळचे प्रमुख. त्यांचे मत बंधनकारक असे होते, तर रब्बी येहोशुआ तिला ऐच्छिक मानत. गमलिएल यांनी भरसभेत येहोशुआंना उभे करून ठेवले आणि आपले प्रवचन पुढे चालू ठेवले. हा अपमान सभेला सहन झाला नाही. तिने गमलिएल यांना पदावरून दूर केले आणि एलाझार बेन अझार्या या तरुणाला त्यांच्या जागी बसवले. पुढे समेट झाला. गंमत अशी की निर्णय तत्त्वतः येहोशुआंच्या बाजूने गेला, परंतु लोकांनी रात्रीची प्रार्थना रूढीने बंधनकारक करून घेतली. या वादाची खूण आजही शिल्लक आहे: सकाळी आणि दुपारी मुख्य प्रार्थना एकाने मोठ्याने पुन्हा म्हणायची असते, रात्री मात्र ती पुन्हा म्हटली जात नाही.

आपण जे पाहिले ते हेच पुन्हा म्हणणे. मुख्य प्रार्थनेला अमिदा म्हणतात, कारण ती उभ्याने म्हणायची असते. आठवड्याच्या कामाच्या दिवशी तिच्यात १९ आशीर्वचने असतात. मूळची १८ होती, एकाची भर याव्नेच्या काळात पडली, तरी लोक तिचा उल्लेख "अठरा" असाच करतात. पहिली ३ स्तुतीची, मधली १३ मागण्यांची (बुद्धी, क्षमा, आरोग्य, पीकपाणी, न्याय, जेरुसलेमची पुनर्बांधणी इत्यादी) आणि शेवटची ३ प्रामुख्याने आभाराची. पाय जुळवून, तीन पावले पुढे येऊन, ओठ हलतील पण आवाज शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा रीतीने ती म्हणतात. ही रीत शमुवेलाची आई हन्ना हिच्या प्रार्थनेवरून घेतली आहे. तिचे ओठ हलत होते पण शब्द ऐकू येत नव्हते म्हणून एली या याजकाला ती मद्यपान करून आली आहे असे वाटले होते. हस्तलिखित पोथ्याही दुर्मिळ असण्याच्या काळात ज्यांना हे सर्व पाठ येत नसे त्यांच्यासाठी एकजण ती मोठ्याने म्हणे आणि बाकीचे प्रत्येक आशीर्वचनाला "आमेन" म्हणून ते आपलेसे करत. संपूर्ण वर्षाच्या प्रार्थनांचा क्रम लिहून काढलेला जो पहिला मोठा ग्रंथ आज उपलब्ध आहे, तो बाबिलोनियातील सुरा येथील राव अमराम गाओन यांनी ९व्या शतकात स्पेनमधील यहुद्यांच्या विचारणेवरून पाठवला होता. त्याआधीची कित्येक शतके हा सारा व्यवहार पाठांतरावर चालत होता, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे शब्द ठरलेले का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते.

मध्यान्ह

वेळेपुरते लिहितो. यहुदी धर्मशास्त्रातील "तास" ६० मिनिटांचा नसतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे १२ समान भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक तास. आपल्या पंचांगात राहुकाळ काढण्यासाठी दिवसमानाचे आठ भाग करतात, त्याच जातीचा हा हिशोब आहे. हैफाच्या अक्षांशावर हा तास जूनमध्ये सुमारे ७१ मिनिटांचा तर डिसेंबरमध्ये सुमारे ५० मिनिटांचा भरतो. मुंबईत हा फरक कमी, म्हणजे साधारण ६६ आणि ५५ मिनिटांचा असतो.

मिन्हाची वेळ मध्यान्हानंतर अर्ध्या तासाने सुरू होते. हैफाला खरा मध्यान्ह डिसेंबरमध्ये घड्याळाच्या सुमारे अकरा चाळीसला होतो, जूनमध्ये उन्हाळी वेळ लागू असल्याने पाऊण वाजण्याच्या आसपास होतो. म्हणजे हिवाळ्यात बारा दहाला आणि उन्हाळ्यात सव्वा वाजून गेल्यावर प्रार्थना करता येते. शेवटची मर्यादा सूर्यास्ताची. डिसेंबरमध्ये तेथे साडेचारनंतर काही मिनिटांतच सूर्य मावळतो. कचेरी सुटेपर्यंत थांबले तर मिन्हा हुकणार, म्हणून नोकरदार मंडळी ती दुपारीच उरकतात. सिनेगॉगांत ती सूर्यास्ताच्या जरा आधी ठेवतात, कारण त्यामुळे लोकांना एकदाच यावे लागते: मिन्हा झाली, थोडा वेळ बसले, अंधार पडला की अरवित म्हणून घरी गेले. तेव्हा दोन्ही वेळा खऱ्याच आहेत, सोय तेवढी वेगळी.

सकाळचे वेळापत्रक याहून काटेकोर आहे. शेमाचे, म्हणजे ईश्वर एकच आहे असे सांगणाऱ्या वचनांचे, पठण दिवसाच्या तिसऱ्या तासाच्या अखेरीपर्यंत झाले पाहिजे. दिवस सूर्योदयापासून मोजावा की पहाट फुटल्यापासून, यावर दोन परंपरा असल्याने छापील दिनदर्शिकांत शेमाच्या अंतिम वेळेचे दोन रकाने दिसतात. मिश्ना हा धर्मनियमांचा ग्रंथ इ. स. २०० च्या सुमारास संकलित झाला आणि त्याचे पहिलेच वाक्य "संध्याकाळी शेमा कधीपासून म्हणावा?" असा प्रश्न विचारते. प्रार्थना का करावी हे सांगण्याआधी ती किती वाजता करावी यापासून सुरुवात करणारा हा ग्रंथ मला फार आवडतो.

खाडीकाठ

मी ठाण्याचा, बेने इस्राएल समाजातला. वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. दहा माणसांविषयी मी लिहितो, कारण हा विषय आमच्यासारख्या लहान समाजाला रोज जाणवतो.

या दहांच्या गटाला मिन्यान म्हणतात आणि परंपरेनुसार त्यात १३ वर्षे पूर्ण झालेले पुरुष मोजले जातात. मिन्यान नसेल तरी शेमा म्हणता येतो, अमिदा म्हणता येते, आभाराच्या आणि स्तुतीच्या ओळी म्हणता येतात. म्हणजे माणसाची स्वतःची प्रार्थना काहीही अडत नाही. अडते ते समुदायाने म्हणायचे भाग: अमिदाची मोठ्याने होणारी आवृत्ती, तिच्यातील केदुशा, सोमवारी, गुरुवारी आणि शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) होणारे तोराचे, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचे, सार्वजनिक वाचन, आणि कद्दिश. केदुशात यशया संदेष्ट्याच्या दृष्टान्तातील "पवित्र, पवित्र, पवित्र" हे शब्द येतात आणि प्रत्येक शब्दाला सगळे पाय जुळवलेले ठेवून टाचा उचलतात. आपण आपल्या सहकाऱ्यांना असे तीनदा किंचित उंचावताना पाहिले असेल. नऊजणच असतील तेव्हा हे होत नाही.

कद्दिश बहुतांशी अरामी भाषेत आहे आणि त्यात मृत्यूचा शब्दही नाही, केवळ ईश्वराच्या नावाची थोरवी आहे. तरीही आई किंवा वडील गेल्यानंतर मुलाने तो सामान्यतः ११ महिने म्हणायचा असतो. माझे वडील गेले त्या वर्षी ही गोष्ट मला खऱ्या अर्थाने समजली. आदल्या रात्री फोन करून "उद्या सकाळी येताय ना?" असे विचारत राहावे लागते, आणि एखाद्या सकाळी आठजणच आले तर पुस्तक बंद करून कद्दिश न म्हणताच कामावर जावे लागते. आपल्या कार्यालयातील जो माणूस दहाव्याला शोधायला जिना चढतो, तो कदाचित स्वतःसाठी जात नसेल. जमलेल्यांपैकी कोणाचे तरी शोकाचे वर्ष चालू असण्याची शक्यता मोठी आहे.

सकाळचे स्वरूप दुपारपेक्षा बरेच विस्तृत असते, तेही आपल्याला रुचेल म्हणून सांगतो. जाग येताच अंथरुणातच "मोदे आनी" ही एक ओळ म्हणायची, मग हातांवर पाणी घ्यायचे. सिनेगॉगमध्ये किंवा घरी झालरीची चादर, म्हणजे तालित, अंगावर घेऊन मग तेफिलिन बांधायचे. तेफिलिन म्हणजे काळ्या चामड्याच्या दोन डब्या. त्यांत तोरातील चार उतारे चर्मपत्रावर हाताने लिहून ठेवलेले असतात. हाताच्या डबीत चारही उतारे एकाच पट्टीवर असतात, डोक्याच्या डबीत चार वेगळे कप्पे असतात. उजव्या हाताने काम करणाऱ्याने पहिली डबी डाव्या दंडावर हृदयाच्या बाजूला झुकेल अशी बसवायची, वादी कोपरापासून मनगटापर्यंत सात वेळा गुंडाळायची, नंतर दुसरी डबी केस जेथे सुरू होतात त्याच्या वर ठेवायची. हाताची बांधून झाल्यापासून डोक्याची बसेपर्यंत मध्ये बोलायचे नाही. शब्बाथ आणि सणांच्या दिवशी तेफिलिन बांधत नाहीत. वादी सोडल्यावर हातावर तिचे वळ काही वेळ राहतात, आणि सकाळच्या लोकलमध्ये कधी कोणी त्याबद्दल विचारतेही.

आमच्या समाजाविषयी थोडेसे. कोकणातील आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना "शनिवार तेली" म्हणत. परंपरा असे सांगते की हिब्रू ग्रंथ आणि प्रार्थना विस्मरणात गेल्यावरही शेमाचे वाक्य त्यांच्या तोंडी राहिले होते, आणि सुंतेपासून लग्नापर्यंत प्रत्येक प्रसंगी ते म्हटले जाई. मुंबईतील आमचे पहिले सिनेगॉग, शाआर हारहमिम, शमुवेल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगितले जाते, कारण आमच्याकडे सिनेगॉगला मशीदच म्हणत. १९व्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली, त्यामुळे आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला आपण काय म्हणतो आहोत हे मराठीतून वाचता आले. आमच्या सिनेगॉगांत तोराचा कोश पश्चिमेच्या भिंतीत असतो, कारण येथून जेरुसलेम पश्चिमेला आहे. ठाण्याचे शाआर हाशामायिम १८७९ मधले आहे, तेथे येऊन पाहता येईल.

उंबरठा

स्त्रियांविषयीचा मुद्दा राहून गेला. मिश्नेनुसार स्त्रियांना शेमा आणि तेफिलिन यांतून सूट आहे, कारण या गोष्टी ठरावीक वेळेला बांधलेल्या आहेत; प्रार्थनेतून मात्र सूट नाही. त्यामुळे आपल्या सहकारी बाई नित्यनेमाने प्रार्थना करतात यात काही वेगळे नाही. मोजणीचा प्रश्न निराळा आहे. ऑर्थोडॉक्स परंपरेत आजही स्त्रियांना मिन्यानमध्ये धरत नाहीत. अमेरिकेतील कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मशास्त्र समितीने १९७३ मध्ये त्यांना मोजण्यास मान्यता दिली आणि रिफॉर्म पंथात स्त्री-पुरुष समान मोजले जातात. इस्राएलमधील कार्यालयांत जमणारे गट बहुधा ऑर्थोडॉक्स रीतीने चालतात. सूट देण्याचे मूळ कारण घरकामाचा भार हे असेल, तर ज्या बाई त्याच मजल्यावर तेवढेच तास काम करतात त्यांच्या बाबतीत ते कसे लागू पडते, हा प्रश्न मला तरी सुटलेला वाटत नाही.

कार्मेलपायथा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दहाव्या माणसाबद्दल खाडीकाठ यांनी जे लिहिले, त्या दृष्टीने मी कधी विचारच केला नव्हता. माझी तिसरी शंका मात्र अजून शिल्लक आहे. पोथीवाचक यांनी शब्द ठरण्याचा इतिहास सांगितला, पण ठरलेल्या शब्दांत मन राहते का, हा प्रश्न परंपरेने स्वतःला विचारला आहे की नाही?

पोथीवाचक

विचारला आहे, आणि ज्या पिढीने शब्द ठरवले तिनेच विचारला आहे. मिश्नेत रब्बान गमलिएल म्हणतात की प्रत्येकाने रोज संपूर्ण १८ आशीर्वचने म्हणावीत. रब्बी येहोशुआ म्हणतात की त्यांचा सारांश पुरे. रब्बी अकिवा म्हणतात की ओघाने म्हणता येत असेल त्याने संपूर्ण म्हणावीत, नाहीतर सारांश म्हणावा. आणि रब्बी एलिएझर म्हणतात की जो आपली प्रार्थना साचेबंद करतो त्याची प्रार्थना ही विनवणीच नव्हे. ही चारही मते एका पानावर नांदतात. मैमोनिदेस या यहुदी पंडिताने १२व्या शतकात आपल्या धर्मसंहितेत आणखी पुढे जाऊन लिहिले की एकाग्रतेविना केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नाही. ज्याचे मन विचलित आहे त्याने ते स्थिर होईपर्यंत प्रार्थना करू नये. नंतरच्या शास्त्रकारांनी ही अट व्यवहारात सैल केली, कारण ती कडकपणे लावली असती तर फारच थोड्यांना प्रार्थना करता आली असती. मला स्वतःला ही तडजोड थोडी खटकते.

खाडीकाठ

येथे मी असहमत आहे. पाव तासात होणारी मिन्हा वेगवान वाटते, पण ज्याला ते शब्द लहानपणापासून पाठ आहेत त्याच्यासाठी तो वेग स्वाभाविक आहे. मन रोजच लागते असे मी म्हणणार नाही. ज्या दिवशी लागते त्या दिवशी शब्द शोधत बसावे लागत नाहीत, एवढा लाभ मला पुरेसा वाटतो. शिवाय स्वतःच्या मागण्यांसाठी जागा नियमानेच ठेवलेली आहे. आजारी माणसाचे नाव आरोग्याच्या आशीर्वचनात घेता येते, आणि "प्रार्थना ऐकणारा" या १६व्या आशीर्वचनात कोणतीही मागणी कोणत्याही भाषेत घालता येते. माझी आजी तेथे मराठीत बोलत असे, आणि तिचे बोलणे लांबले की बाकीचे थांबत.

आणि शब्द वर्षभर तेच राहतात असेही नाही. पीकपाण्याचे आशीर्वचन ऋतूप्रमाणे बदलते: हिवाळ्यात त्यात पावसाची मागणी असते, वल्हांडण सणापासून ती थांबते. आम्ही सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनमधील यहुद्यांची, रीत पाळतो, तिच्यात उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा मजकूरच वेगळा आहे. इस्राएलमध्ये ही मागणी यहुदी पंचांगातील हेश्वान महिन्याच्या ७ तारखेपासून करतात, कारण मंदिराच्या काळी त्याआधीच्या सुक्कोत सणाला आलेले शेवटचे यात्रेकरू युफ्रातिसपर्यंत पोहोचेतो पंधरा दिवस लागत आणि वाटेत त्यांना पावसाने गाठू नये अशी काळजी घेतली गेली. इस्राएलबाहेर बाबिलोनियाच्या हवामानाचा हिशोब धरून ४ डिसेंबरच्या रात्रीपासून (काही वर्षी ५ डिसेंबरच्या) सुरुवात होते.

मध्यान्ह

मग ठाण्यात आणि अलिबागेत भातकापणी आटोपल्यावर डिसेंबरमध्ये पाऊस मागायचा, आणि जूनमध्ये आभाळाकडे डोळे लागलेले असताना मागायचा नाही?

खाडीकाठ

सामुदायिक मजकुरात तसेच आहे, आणि नियम कडक आहे: उन्हाळ्याच्या काळात त्या आशीर्वचनात चुकून पाऊस मागितला तर मागे जाऊन पुन्हा म्हणावे लागते. पण आपला प्रश्न जुना आहे. निनवेच्या लोकांनी मिश्नेचे संकलक येहूदा हानासी यांना हेच विचारल्याची नोंद तालमूदमध्ये आहे: आम्हाला तम्मूझमध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, पाऊस लागतो, तर आम्ही काय करावे? उत्तर असे आले की अशा लोकांना एकेकट्याने मागणाऱ्यांप्रमाणे समजावे. त्यांनी पीकपाण्याच्या आशीर्वचनाला हात न लावता ही मागणी "प्रार्थना ऐकणारा" या आशीर्वचनात करावी. जूनमध्ये पाऊस लांबला तर कोकणातल्या माणसालाही हीच वाट मोकळी आहे, आणि त्यासाठी दहाजण जमवावे लागत नाहीत.